दुसऱ्या पंगतीची साक्ष

आमच्या गावाच्या नावातच स्टेशन आहे. मूळ लासूर शिवना नदीच्या काठी, दाक्षायणी देवीचे. आणि आम्ही रुळाच्या काठचे. 1900 च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटर गेज लाईन पडली आणि जिथे गाडी थांबू लागली तिथे बाजार भरू लागला. मनमाडहून निघाले की अंकाई, नगरसूल, तारूर, रोटेगाव, परसोडा, करंजगाव आणि मग लासूर. आज ही नावे प्रवासी डुलकी घेता घेता ऐकतात. 1948 पर्यंत मात्र नगरसूल मुंबई इलाख्यात होते आणि रोटेगाव निजामाच्या मुलखात. या दोहोंच्या मधे कुठेतरी राज्य बदलत असे, नाणे बदलत असे, करोडगिरीचा नाका लागत असे. आमच्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट त्या मधल्या पट्ट्यात घडली आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर आडतीच्या दुकानात मुनीम म्हणून बसलो, तो तीस वर्षे बसलो. मोडी एका सुट्टीतल्या वर्गात शिकलो आणि उर्दू आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे, त्यांचे दुकानाचे हिशेब लिहून देण्याच्या बदल्यात. तेव्हा या लेखात कुणाला शास्त्र कमी आणि घर जास्त दिसले तर तो दोष माझ्या तालमीचा समजावा. पण ज्या साधनाबद्दल मला लिहायचे आहे ते साधन घरातच सापडते, दफ्तरखान्यात नाही. ते साधन म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या वेळी पोरांना सांगितलेल्या घरातल्या गोष्टी.

आमच्याकडे दोन पंगती होत. पहिली पुरुषांची आणि मुलग्यांची, ओसरीवर. दुसरी बायकांची आणि मुलींची, चुलीपुढे. मधे कंदील एकच. तो पहिली पंगत उठली की आत जाई. पहिल्या पंगतीत बोलायचा मान आजोबांचा. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांच्या गोष्टी ठरलेल्या होत्या आणि त्यांना निमित्तही ठरलेले होते. ताटात ज्वारीऐवजी बाजरी आली की बहात्तरचा दुष्काळ. आतून भाकरी करपल्याचा वास आला की रझाकार.

बहात्तरची गोष्ट सगळ्यांना पाठ होती आणि ती सांगताना आबांच्या आवाजात काही अडत नसे. लाल मिलोच्या भाकरी, त्या थापताना तुटत. मुलांसाठी सुकडी. पाझर तलावाच्या कामावर आजीने फोडलेली खडी आणि तिच्या तळव्याला पडलेला घट्टा. मी तेव्हा तीन वर्षांचा. खडीच्या ढिगाशेजारी पाटीत झोपवलेला असे म्हणे. 1973 च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसे होती, हा आकडा मी फार नंतर वाचला. आबांच्या गोष्टीत आकडा नव्हता, घट्टा होता.

दुसरी गोष्ट अशी. चैताचे दिवस, साल 1948. रझाकारांचा त्रास वाढला होता. लातूरचा वकील कासीम रझवी हैदराबादेत बसून लाल किल्ल्याच्या गोष्टी करत होता आणि खेड्यापाड्यांत त्याचे नाव घेऊन घरे लुटली जात होती. जैसे थे करार कागदावर होता. सरहद्दीपलीकडे मनमाडला स्टेट काँग्रेसचा तळ होता आणि आमच्या भागातली तरणी पोरे तिकडे जात. आबा गाडीवान, खेड्यावरून कापसाच्या आणि भुईमुगाच्या गोण्या स्टेशनवर आणायच्या हा धंदा. त्यांच्या गाडीतून कुणी काय नेले असा कुणी तरी संशय घेतला आणि सांजच्याला निरोप आला की आज रात्री घरात थांबू नका. आजी भाकरी थापत होती. एक भाकरी तव्यावर होती. ती तशीच राहिली. आबांनी बैल जुंपले, आत्याला, ती तेव्हा तान्ही, गुळाचे बोट चाटवत गोणपाटाखाली झाकले आणि गाडीवाट सोडून रानारानाने निघाले. रेल्वेत झडती होई म्हणून रेल्वे नाही. चाळीस-पन्नास किलोमीटर, दोन रात्री. दिवसा ओढ्यात बैल सोडून बसायचे. तिसऱ्या सकाळी नगरसूल. तिथे आबांनी पहिल्यांदा कलदार रुपया देऊन चहा घेतला, आणि दुकानदाराने परत दिलेली मोड मोजायला त्यांना वेळ लागला. इथे आम्ही पोरे हसायचो, कारण इथे हसायचे असते.

पुढे सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. 13 तारखेला फौजा शिरल्या, 17 ला निजामाने शरणागती जाहीर केली. आबा परत आले, तर घर जसेच्या तसे. तव्यावरची भाकरी कोळसा होऊन तव्याला चिकटलेली, पण तवा जागेवर. हंडा जागेवर. कणगीतले धान्यसुद्धा जागेवर.

मी एकदा विचारले होते, आठ-नऊ वर्षांचा असेन. "आबा, घराला कुलूप होतं?"

"कडी व्हती."

"मग सहा महिने घर राखलं कुणी?"

"देवानं. जेव गुमान."

इतिहासात लोकांना पडणारे प्रश्न मोठे असतात असे मला वाटायचे. माझा सगळा उद्योग या एका "जेव गुमान"वर उभा आहे.

इथे थोडे विषयांतर करतो. कुटुंबाची गोष्ट हे आपल्याकडे घरगुती करमणुकीचे साधन कधीच नव्हते. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा तंटा उभा राहिला की दोन्ही पक्षांना आपापली हकीकत मांडावी लागे. तिला करीना म्हणत, तकरीर म्हणत. मूळपुरुष कोण, तो कुठून आला, गाव कसे वसवले, कोणत्या दुष्काळात परागंदा झाला, वतन कुणी बळकावले, हे सगळे पणजोबाने आजोबाला आणि आजोबाने बापाला सांगितलेले. कागद नसेल तर तोंडी परंपरा हीच मिरास. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये काढला. पुढे अशा साधनखंडांतून महजर आणि करीने छापले गेले. ते वाचताना मला दरवेळी वाटते की यातली निम्मी वाक्ये कुणीतरी लहानपणी जेवताना ऐकलेली आहेत.

पण त्या करीन्याला एक शिस्त होती. तंट्यात दोन पक्ष असत, अग्रवादी आणि पश्चिमवादी. एकाने सांगितले की दुसऱ्याने त्याच सभेत, त्याच गोतासमोर आपले सांगायचे. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार बसलेले. शेवटी महजर होई आणि त्यावर निशाण्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला ठाऊक असे की समोर कुणीतरी "हे खोटे" म्हणायला बसला आहे.

आमच्या ओसरीवर पश्चिमवादी नव्हता. कुणाच्याच ओसरीवर नसतो. बहात्तरच्या गोष्टीला तो लागतही नाही, कारण दुष्काळात गावाच्या समोर गाव नसते, आभाळ असते. अठ्ठेचाळीसच्या गोष्टीला लागतो.

अलीकडे मुलांना घरच्या गोष्टी सांगण्याचे गुण पालकसभांमधून सांगितले जातात. त्यामागे अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या एमरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांचे काम आहे. त्यांनी 2001 मध्ये काही कुटुंबांची जेवणाच्या टेबलावरची बोलणी ध्वनिमुद्रित केली आणि मुलांना वीस प्रश्न विचारले: आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, तुझ्या जन्माच्या वेळी काय झाले. ज्या मुलांना जास्त माहीत होते ती मनाने जास्त घट्ट निघाली. नुसती चढतीची गोष्ट सांगणाऱ्या घरांपेक्षा चढ आणि उतार दोन्ही सांगणारी घरे मुलांना अधिक बळ देतात, असेही त्यांचे म्हणणे. मला त्या वीस प्रश्नांतला एक फार आवडतो. कधीच न हसल्यामुळे तोंड तसेच आंबट राहून गेलेला तुमचा कुणी नातेवाईक आहे का? असे तोंड कुणाचे राहत नाही. तरी काही मुलांनी 'आहे' म्हणून सांगितले, कारण त्यांना ते घरी सांगितलेले होते. घरची गोष्ट खरी असतेच असे नाही, हे त्या संशोधकांनीच मान्य केले आहे. मुलाला बळ मिळण्यापुरते ते चालते. पण त्या बळाची किंमत दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकलेली असेल तर काय, असा प्रश्न त्या विसांत नाही. मुनीमगिरी केलेल्या माणसाला तो सुचणारच.

असो. घराकडे येतो.

आमची एक जमीन आहे, नाल्याकाठची, अरुंद. आम्ही तिला लहानपणापासून 'चाच्याची पट्टी' म्हणतो. "बैल चाच्याच्या पट्टीत गेले", "चाच्याच्या पट्टीतली तूर काढायची" अशी वाक्ये रोज होत. चाचा कोण, हे आम्ही विचारले नाही. माळावरच्या शेताला माळ म्हणतात तसे हे. शब्द रोज तोंडात असला की त्याच्यात माणूस आहे हे लक्षात येत नाही.

उर्दू येऊ लागल्यावर मी घरातली पेटी उघडली. आबा तोवर गेले होते. पेटीत पाहणी पत्रकांचे उतारे, तगाईच्या पावत्या आणि तळाशी त्या पट्टीचा बैनामा, म्हणजे खरेदीखत. साल फसली 1358, महिना दय. निजामाच्या मुलखातल्या फसलीत 590 मिळवले की इसवी सन निघते, वर्षाच्या पुढच्या भागासाठी 591. दय म्हणजे साधारण नोव्हेंबर. म्हणजे 1948 चा नोव्हेंबर. पोलीस ॲक्शनला दोन महिनेही झाले नव्हते. विकणारा आमच्या शेजारचा मुसलमान गाडीवान. घेणारे आबा. रक्कम हाली रुपयांत. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, तेव्हा आकडा दिसतो त्याहून लहानच धरावा लागतो. मी तो त्याच शिवारातल्या, त्याच वर्षा-दोन वर्षांतल्या दुसऱ्या व्यवहारांशी ताडून पाहिला. बिघ्याचा भाव निम्म्यालाही पोचत नव्हता.

त्या रात्री मला जेवण गेले नाही. 1948 च्या त्या दोन महिन्यांत मराठवाड्यात काय झाले हे मी तोवर वाचलेले होते. अनंत भालेरावांचे 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे पुस्तक मी पारायणासारखे वाचले आहे. रझाकारांचा जुलूम आणि त्याविरुद्धचा लढा आमच्या पिढीला त्यातून कळला आणि त्याबद्दल मला अभिमान आहे. पण त्याला जोडून आणखी एक कागद आहे. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींची एक सदिच्छा समिती 1948 च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात पाठवली. रझाकारांचे अत्याचार तिने मान्य केलेच, पण पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या 27 ते 40 हजार असावी असा अंदाजही नोंदवला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत वाईट. त्याखालच्या चारांत औरंगाबाद. हा अहवाल सरकारने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. लोकांना तो वाचायला मिळाला तो अनेक दशकांनी.

अशा वेळी निम्म्या भावाने केलेल्या खरेदीचा अर्थ काय लावायचा? मी तो लावला. आठवडाभर आबांच्या तसबिरीकडे पाहिले नाही.

आणि मग वैजापूरहून माझी धाकटी बहीण आली. संक्रांतीचे दिवस होते. मी तिला कागद दाखवला, उर्दू वाचून दाखवले. ती तीळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हंजे ते अकरा माणसं व्हते ना, त्यांचं."

कोणती अकरा माणसे?

"आजी सांगायची की. पित्तराच्या दिवसांत अकरा माणसांच्या भाकरी थापल्या ते. तुला नाही माहीत?"

मला माहीत नव्हते. मी पहिल्या पंगतीत जेवत होतो. तिने ते दुसऱ्या पंगतीत, चुलीपुढे, दहा वेळा ऐकले होते. आजीने ते 'गोष्ट' म्हणून कधी सांगितलेच नव्हते. पीठ कमी पडले, किंवा पाहुणे अचानक आले, की ती म्हणे, "हे काहीच नाही, म्या तीन दिस अकरा माणसं उरून आपली माणसं जेवू घातली, अन् कुणाला कळू दिलं नाही." त्या घरातल्या बायकापोरांना कडब्याच्या गंजीत जागा केली होती. दिवसा आत, रात्री अंगणात. बाहेरची माणसे घराघरांतून विचारत फिरत होती. शेजारणीने एवढ्या भाकरी कशाला म्हणून विचारले तेव्हा आजीने सांगितले, पित्तर आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पित्तर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. "आमच्या घरात त्या साली तीन पित्तरं झाली," असे आजी म्हणे आणि हसे. खीर केली, कावळ्याला घास ठेवला, सगळे रीतसर.

मी पंचांग काढले. 1948 ची भाद्रपद पौर्णिमा 18 सप्टेंबरला होती. दिवाळीची अमावास्या 1 नोव्हेंबरला, त्या दिवशी सूर्यग्रहण होते म्हणून ती तारीख पक्की धरता येते. म्हणजे शरणागती 17 ला, आणि पितृपक्ष 19 पासून. घराघरांत शोध चालू असण्याचे दिवस आणि पित्तरांचे दिवस तंतोतंत एकच. आजीला तारीख माहीत नव्हती, तिथी माहीत होती आणि ती चुकलेली नव्हती. सुंदरलाल समितीनेही नोंदवले आहे की कित्येक ठिकाणी हिंदूंनी शेजारच्या मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचवले आणि एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी विशेष दिसली. दाखला विणकरांचा आहे. आमच्याकडे गाडीवान होते. एकाच डब्यातले वंगण वापरणारे.

वीस वर्षे मी दफ्तरे धुंडाळली आणि साक्षीदार ओसरीपासून आठ पावलांवर, भिंतीपलीकडे जेवत होती.

पण मग आबांनी ही गोष्ट आम्हाला का सांगितली नाही? पळालो हे सांगितले, मोड मोजता आली नाही हे हसून सांगितले, आणि जे सांगितले असते तर आम्ही त्यांना डोक्यावर घेतले असते तेच गिळले. यावर मी बराच विचार केला आहे. माझा तर्क असा: ही गोष्ट सांगायची तर चाचाचे नाव घ्यावे लागते. नाव घेतले की पोरे विचारणार, ते आता कुठे आहेत? आणि त्यांची पट्टी आपल्याकडे कशी? घर देवाने राखले म्हटले की प्रश्न तिथेच थांबतो. पुण्य सांगायचे तर त्याला बांधलेली पट्टीही सांगावी लागली असती. आबांनी दोन्ही सोडले. आपण समजतो की माणसे लाजेची गोष्ट लपवतात. लाजेला चिकटलेली चांगली गोष्टही तिच्याबरोबर बुडते.

पश्चिमवादी शोधायचा तर गेलेच पाहिजे होते. ते घर त्या हिवाळ्यात लासूर सोडून औरंगाबादेत गेले होते. काही वर्षांपूर्वी, बाजार समितीत येणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या ओळखीने मी त्यांच्या दारात उभा राहिलो. हातात काय न्यावे हे कळेना, म्हणून चाच्याच्या पट्टीतली तूर नेली, दोन किलो डाळ करून. आता लिहितानाही त्यात शहाणपणा होता की निर्लज्जपणा हे मला ठरवता येत नाही.

घरात एक वृद्ध बाई होत्या. अकरांतल्या एक, तेव्हा आठ वर्षांच्या. दस्तरखान घातले होते, नातवंडे भोवती. मी काही विचारण्याआधीच त्या मुलांना म्हणाल्या, हे खीरवाल्यांच्या घरचे. माझा घास हातातच राहिला. तीन दिवस गवतात लपलो आणि तीन दिवस खीर खाल्ली, असे त्या नातवंडांना सांगत आल्या होत्या. लहानपणी त्यांना वाटायचे की हिंदूंच्या घरी रोजच खीर करतात आणि कावळ्यालाही देतात. मुले खदखदून हसली. इथे हसायचे असते हे त्यांनाही ठाऊक होते.

अकरा हा आकडा त्यांनीही सांगितला. आजीचा आणि त्यांचा साठ-सत्तर वर्षांत संबंध नव्हता. माझ्यासारख्या माणसाला दोन स्वतंत्र साक्षी अशा जुळणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या घराची कडी त्यांच्या वडिलांनी सहा महिने राखली होती, हेही त्यांनीच सांगितले. रझाकारांच्या माणसांना ते म्हणत, हे घर मी घेतले आहे.

मग मी शेताचे विचारले. त्या सहज म्हणाल्या, "वो तो अमानत है. अब्बा ने रखने को दिया था, बोले थे, वापस आएँगे तो लेंगे."

माझ्या पिशवीत बैनाम्याची झेरॉक्स होती. ती मी काढली नाही.

आता तंटा असा आहे. कागद म्हणतो विक्री. त्यांचे घर म्हणते ठेव. आमच्या घराची पहिली पंगत गप्प आहे आणि दुसरी पंगत फक्त भाकऱ्यांबद्दल बोलते. कागद खोटा नाही. त्यावर अंगठा आहे, साक्षीदार आहेत, पुढे खासरा पत्रकातही आबांचेच नाव लागले. पण निम्म्या भावाचा अर्थ मी आधी लावला होता तेवढाच निघतो असेही नाही. घाईने गाव सोडणाऱ्या माणसाला वाटखर्चाला पैसे हवे होते, आबांकडे होते तेवढे त्यांनी दिले, आणि मागे राहणाऱ्या शेतावर तिसऱ्याने हात टाकू नये म्हणून खरेदीखत केले, असेही असू शकते. तसे असेल तर ती ठेवच. किंवा सुरुवातीला ठेव होती आणि वर्षे गेली तशी खरेदी झाली. आबांच्या मनात कोणत्या साली ती बदलली, हे कोणत्याच पेटीत नाही. एवढे मात्र खरे की त्यांनी त्या शेताचे नाव कधी बदलले नाही. ते घरच्या नावाने 'आपली पट्टी' सहज म्हणू शकले असते. पन्नास वर्षे रोज त्यांनी चाचाचे नाव घेतले, फक्त तो कोण हे सांगितले नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा थोरले बंधू नाराज झाले. त्यांचे म्हणणे मी इथे नीट मांडायला बांधील आहे, कारण या लेखापुरते ते पश्चिमवादी आहेत. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून नाल्याकाठच्या अरुंद पट्टीलाही भाव आला आहे. सातबारा आपला आहे. पंचाहत्तर वर्षांनी कुणी काही मागितलेले नाही. खीर सांग, भाकरी सांग, पोरांना चांगले वाटेल, पण वावराचे नाव काढू नको. "आबांनी नाही काढलं, तू कोण काढणारा?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. त्यांचे शेवटचे वाक्य तेवढे मला पटत नाही. ते म्हणाले, लहान पोरांना अर्धीच सांगायची असते. अर्धी ऐकून मी तीस वर्षे कागद हुंगत हिंडलो, आणि एक आठवडा आजोबांना चोर समजलो.

या वर्षी पितृपक्षात आम्ही सगळे लासूरला जमलो. आता ओसरीवर टेबल आहे आणि पंगत एकच असते. बहीण आली होती. खीर वाढली गेली. माझी नात सात वर्षांची, तिने विचारले की कावळ्याला का द्यायची. मी सांगायला सुरुवात केली, पण मधेच थांबून बहिणीला म्हटले, तूच सांग, हे तुझ्या पंगतीतले आहे. तिने सांगितले. कडब्याची गंजी, अकरा माणसे, तीन पित्तरे. मुले हसली. मग नातीने विचारले, "ते चाचा म्हणजे पट्टीवालेच का?"

"हो."

"मग त्यांची पट्टी आपल्याकडे का?"

कुणी "जेव गुमान" म्हटले नाही. मी बैनामा सांगितला, भाव सांगितला, त्या आजीबाई ठेव म्हणतात तेही सांगितले. तिला बिघा समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. थोरले बंधू माझ्या समोर बसले होते. त्यांचे ताट कधीच संपले होते, खरकटा हात वाळून गेला होता. ते उठले मात्र नाहीत.